पुठ्ठ्याची मागची बाजू

परवा एका ऑनलाइन लिलावात एक कार्ड विकायला आलं होतं. केनर या अमेरिकी खेळणी कंपनीची, 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्या पात्राची फिगर, म्हणजे छोटी प्लास्टिकची बाहुली. पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या बबलमध्ये कारखान्यातून निघाली तशी बंद, पुठ्ठ्याचे चारही कोपरे टोकदार. वर्णनात विकणाऱ्याने कौतुकाने लिहिलं होतं, की वरच्या कोपऱ्यात किमतीची चिठ्ठी होती, ती हलक्या हाताने सोलून कार्ड अगदी स्वच्छ केलं आहे. फोटो मोठा करून पाहिला, तर त्या जागी एक लहानसा चौकोन दिसत होता. आजूबाजूच्या काळ्या छपाईपेक्षा तो किंचित जास्त काळा, कारण इतकी वर्षं चिठ्ठीखाली त्याला उजेड लागलेला नव्हता. चिठ्ठीवर दुकानाचं नाव होतं का, किंमत किती होती, एका चिठ्ठीवर दुसरी चिकटवलेली होती का, याबद्दल एक अक्षर नाही. बोली मात्र चढत होती. तो काळा चौकोन तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

चिठ्ठी सोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. कार्डाची किंमत त्याच्या चेहऱ्यावरून ठरते आणि चिठ्ठी म्हणजे चेहऱ्यावरचा डाग, असाच समज आहे. पण या खेळण्यांच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालत नाही. फिगर खेळण्यासाठी केलेली होती, म्हणून ती टिकली. पुठ्ठा फाडून फेकण्यासाठी केलेला होता, म्हणून तो गेला. आणि कोणती फिगर कधी, कुठे, कोणाच्या हातून विकली गेली, हे सगळं त्या फेकण्याच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेलं होतं. कंपनीही जागेवर राहिली नाही. सिनसिनाटीची केनर आधी जनरल मिल्सच्या मालकीची होती. १९८५ मध्ये ती केनर पार्कर म्हणून वेगळी निघाली, १९८७ मध्ये टोंकाने घेतली, १९९१ मध्ये टोंकासकट हॅस्ब्रोकडे गेली आणि २००० मध्ये सिनसिनाटीतलं कार्यालयच बंद झालं. एवढ्या स्थलांतरांत कागद विखुरतात. मागे उरतात ते पुठ्ठे, पाकिटं, खोकी आणि त्यांच्यावर कोणीतरी चिकटवलेल्या चिठ्ठ्या.

या वितरणाची सुरुवातच मुळी पुठ्ठ्यापासून झाली, खेळण्यापासून नव्हे. २५ मे १९७७ ला चित्रपट लागला आणि गर्दी उसळली, तेव्हा केनरकडे एकही फिगर तयार नव्हती. मेगो कंपनीने या चित्रपटाची खेळणी काढण्याचा परवाना आधी नाकारला होता. केनरने तो घेतला खरा, पण साचे कोरून, हाँगकाँगमध्ये उत्पादन लावून नाताळपर्यंत माल दुकानात पोचणं शक्यच नव्हतं. मग केनरचे प्रमुख बर्नार्ड लूमिस यांच्या काळात जे केलं गेलं ते आजही वाचताना थक्क व्हायला होतं. त्यांनी नाताळात रिकामं पाकीट विकलं. 'अर्ली बर्ड सर्टिफिकेट पॅकेज' म्हणजे पातळ पुठ्ठ्याचं मोठं पाकीट. आत एक प्रमाणपत्र, १२ पात्रांची चित्रं असलेला घडीचा पुठ्ठ्याचा मंच, काही स्टिकर आणि क्लबचं सदस्यत्वपत्र. प्रमाणपत्र भरून टपालात टाकायचं आणि वाट पाहायची. १ फेब्रुवारी ते १ जून १९७८ या काळात घरी खोकं येणार, त्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ल्यूक, लेया, च्यूबाका आणि आर-टू डी-टू. मंचावर पुढे १२ जण उभे करता यावेत म्हणून खोक्यात पाय अडकवायच्या खुंट्याही असत. ३१ डिसेंबर १९७७ नंतर हे पाकीट विकायचं नाही, असं पाकिटावरच छापलेलं होतं. म्हणजे ज्या घरात ते गेलं, ते कधी गेलं, हे काही आठवड्यांच्या फरकाने सांगता येतं. इतकं नेमकं सांगणारी वस्तू पुढच्या आठ वर्षांत क्वचितच सापडते.

या पहिल्या खेपेतल्या ल्यूकच्या हातातली पिवळी तलवार दोनदा लांबायची. दंडातून पट्टी बाहेर यायची आणि त्या पट्टीतून आणखी एक काडी निघायची. ती काडी इतकी बारीक, की मुलांच्या हातात मोडायचीच. ही रचना लवकरच सोडून दिली गेली. ल्यूकमध्ये ती त्यातल्या त्यात सापडते, बेन केनोबी आणि डार्थ व्हेडरमध्ये फारच विरळा. आज बाजारात दिसणाऱ्या अशा तलवारींपैकी पुष्कळ नंतर बनवून दंडात सरकवलेल्या असतात.

कार्डावर आलेल्या फिगरांचा काळ मोजायची रीत अगदी साधी आहे. मागच्या बाजूला जितक्या फिगरांचे फोटो, तितक्याचं ते कार्ड. पहिल्या १२ फिगरा म्हणून ट्वेल्व्ह-बॅक. मग ग्रीडो, हॅमरहेड, वॉलरस मॅन वगैरे आठ आल्या, झालं ट्वेन्टी-बॅक. बोबा फेट आला, ट्वेन्टी-वन. १९८० मध्ये दुसऱ्या चित्रपटाच्या, म्हणजे 'एम्पायर'च्या कार्डांवर नव्या दहांनी ३१ केले, योडाने ३२. मग १९८१ मध्ये ४१, पुढे ४५, ४७, ४८. तिसऱ्या चित्रपटाची, 'जेडाय'ची कार्डं ४८, ६५, ७७ आणि ७९ फोटोंची. शेवटी १९८५ ची 'पॉवर ऑफ द फोर्स' मालिका, ९२ फोटो आणि सोबत ॲल्युमिनियमचं नाणं. शिवाय एकाच आकड्यात अ, ब, क असे पोटभेद आहेत. कुठे मजकुराची एक ओळ बदललेली, कुठे फोटोतलं वाहन वेगळं, कुठे कार्डावरचे शिक्के पाठवून फुकट फिगर मिळवायची भेटयोजना बदललेली. हे पोटभेद लक्षात ठेवण्यात काही मोठं शहाणपण नाही, तक्ते उपलब्ध आहेत. खरा प्रश्न निराळा आहे. ४१ फोटोंच्या कार्डावर ल्यूक बंद आहे, यावरून ते पुठ्ठा छापण्याचं साल कळलं. आतला ल्यूक कधीचा?

कार्डाचं साल हे फक्त कार्डाचं साल असतं.

आतल्या फिगरचं साल शोधायला तिच्या पायाची मागची बाजू पाहतात. तिथे बारीक उठावाची अक्षरं असतात. '© जी.एम.एफ.जी.आय. १९७७', म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप. आणि खाली देशाचं नाव, बहुधा हाँगकाँग, नंतरच्या काळात तैवान, मकाव, चीन, मेक्सिको. नवखा माणूस इथे हमखास फसतो. १९७७ हे कॉपीराइटचं वर्ष आहे, उत्पादनाचं नव्हे. साचा तोच राहिला, तर १९८४ मध्ये ओतलेल्या फिगरच्या पायावरही १९७७ च दिसतं. १९८० पासूनच्या नव्या पात्रांवर एल.एफ.एल., म्हणजे लुकासफिल्म लिमिटेड, ही अक्षरं येतात, तेवढी एक सीमारेषा मिळते. देशाच्या नावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. साचे एका देशातून दुसऱ्या देशात हलवले जात. नेताना कधी जुनं नाव घासून काढलं जाई आणि त्या जागी साच्यात ओरखडा राही. म्हणजे त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक फिगरच्या पायावर अक्षरांऐवजी एक खरबरीत उंचवटा. भिंगाखाली तिरपा उजेड टाकून पाहिलं तर त्यातून पुसलेल्या अक्षराची कड कधी कधी दिसते. असे ओरखडे जुळवून, 'ही फिगर आणि ती फिगर एकाच साच्याची' असं ठरवणारे संग्राहक आहेत. त्यांनी केलेल्या वंशावळी पाहिल्या, की केनरच्या कागदांची उणीव बरीच भरून निघते.

पण ही वंशावळ पक्की होते ती एकाच पुराव्यावर, बंद कार्डावर. अमुक ओरखड्याचा ल्यूक तमुक कार्डात कारखान्यातच बंद झालेला आहे, हे एकदा दिसलं की दोन्ही टोकं जुळतात. सुट्या फिगरवरून हे कधीच सिद्ध होत नाही. म्हणून मग बबल खरोखर कारखान्यातला आहे ना, याची इतकी काळजी. मूळ कार्डाच्या छपाईवर उष्णतेने चिकटणारा लेप असतो आणि बबलची चपटी कड त्यावर गरम साच्याने दाबलेली असते. त्यामुळे कडेभोवती एकसारखा दाब उमटतो. कडेच्या आतून बाहेर पसरलेला चकाकता ओघळ दिसला, कडेखाली पुठ्ठ्याचे तंतू उपटलेले दिसले, बबल पिवळा आणि कड पांढरी असा रंगफरक दिसला, तर थांबावं. अतिनील दिवा स्वस्तात मिळतो. त्याच्या उजेडात नंतर लावलेला गोंद पुष्कळदा निळसर उजळतो, मूळ सांधा उजळत नाही. दिवा कार्डाच्या सपाटीला समांतर धरून चारही बाजूंनी फिरवायचा, नुसता समोरून मारायचा नाही.

या परीक्षेत सगळ्यात जास्त पणाला लागतो तो जावा. वीतभरही नसलेल्या या पात्राला सुरुवातीला प्लास्टिकचा पातळ झगा होता. इतर फिगरांपेक्षा बराच बुटका तो पुतळा त्याच किमतीत, साधारण दोन डॉलरला, प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेला पाहून गिऱ्हाईक काय म्हणेल, अशी शंका आली म्हणतात आणि लवकरच कापडी झगा आला. प्लास्टिक झग्याचे जावा थोडे उरले, त्यांचे भाव चढले आणि बेन केनोबीचा तपकिरी झगा कापून जावाला घालण्याचा धंदा सुरू झाला. पोत, गळ्याची कापणी, रंगाची छटा अशा खुणा आहेत, पण खात्री फक्त न उघडलेल्या ट्वेल्व्ह-बॅक कार्डावर मिळते. शस्त्रांचंही तसंच. मूळ पिस्तुलं आणि बंदुका बहुतेक पाण्यावर तरंगतात, नकली बुडतात, ही चाचणी अनेक वर्षं चालली. आता तरंगणाऱ्या नकलाही येतात आणि काही अस्सल शस्त्रंही बुडतात. तेव्हा वाटीत पाणी घेऊन बसण्याबरोबरच शस्त्र उजेडासमोर धरून रंग कुठे पारदर्शक होतो ते पाहावं, साच्यातून तोडल्याची खूण कोणत्या टोकाला आहे ते पाहावं आणि खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवून बारीक कोरीवकाम जुळवावं. नकलेत रेषा थोड्या बुजलेल्या असतात, कारण ती अस्सल शस्त्रावरून घेतलेल्या ठशातून निघते.

मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटतात ती कात्री चाललेली कार्डं. केनरच्या कार्डामागे एक छोटा शिक्का असायचा, खरेदीचा पुरावा. ठरावीक शिक्के कापून पाठवले की घरपोच फिगर फुकट. १९७९ च्या बोबा फेटला चार शिक्के लागत. पुढे बॉस्क, फोर-लॉम, ॲडमिरल ॲकबार, निएन नुन्ब, एम्पेरर, ॲनाकिन अशा कितीतरी फिगरा याच वाटेने आधी घरोघर गेल्या. मुलांनी कात्री चालवली, शिक्का गेला, उरलेला पुठ्ठा बहुतेकांनी टाकला. काहींनी मात्र मागचे फोटो पाहण्यासाठी तो जपून ठेवला. अशा कार्डावर बबल फाडल्याचा खरखरीत चौकोन असतो, खाली कात्रीने वाकडंतिकडं कापलेलं भोक असतं आणि कधी फोटोंवर पेनाने केलेल्या बरोबरच्या खुणा असतात. कुठली मिळाली, कुठली राहिली. बाजारात याला भाव नाही. पण एका घरात कोणत्या महिन्यापर्यंत कोणत्या फिगरा आल्या होत्या, हे याहून स्पष्ट कुठे लिहिलेलं सापडणार? भेटयोजनेच्या मजकुरात शेवटची तारीख छापलेली असते, तीही कार्डाचा काळ बांधायला उपयोगी पडते.

त्या बोबा फेटचीच गोष्ट घ्या. जाहिरात होती पाठीवरून रॉकेट उडवणाऱ्या फेटची. दरम्यान दुसऱ्या एका कंपनीच्या अवकाशयानातून उडणारा लहान तुकडा घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला आणि केनरने रॉकेट पाठीतच पक्कं बसवून टाकलं. ज्यांनी शिक्के पाठवले होते त्यांना फेट मिळाला, सोबत बदलाचं कारण सांगणारं पत्र. आणि आधीच छापून झालेल्या कार्डांवर रॉकेटचं चित्र झाकणारी एक चिठ्ठी लावण्यात आली. त्या चिठ्ठीमुळे आपल्याला कळतं, की योजना जाहीर झाल्यानंतर आणि बदल ठरल्यानंतर नेमकी कोणती कार्डं अजून दुकानात जायची होती. ती सोलली, की कार्ड 'स्वच्छ' होतं आणि ती माहिती संपते. रॉकेट उडवणारे कारखान्यातले काही चाचणी नमुने मात्र उरले. २०२४ मध्ये त्यातला एक लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला. इतक्या पैशाची बातमी सगळीकडे झाली, रॉकेट झाकणाऱ्या चिठ्ठीबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

कार्डावर कधीच न आलेल्या फिगरांचा वेगळाच प्रांत आहे. सीअर्स या अमेरिकी दुकानसाखळीच्या कॅटलॉगमधून विकलेल्या संचांत फिगरा साध्या प्लास्टिक पिशव्यांत येत, यांना संग्राहक बॅगी म्हणतात. १९७८ च्या कॅन्टीना संचात पुठ्ठ्याची घडीची भिंत आणि चार फिगरा होत्या, त्यातला एक निळा स्नॅगलटूथ. पात्राचा कमरेपर्यंतचा कृष्णधवल फोटोच हाती असल्याने केनरच्या मंडळींनी त्याला पूर्ण उंची, निळे कपडे आणि बूट दिले. पुढे कळलं, की तो बुटका आणि लाल कपड्यांतला आहे. मग कार्डावर आला तो लाल, बुटका. निळा फक्त त्या संचातून. म्हणून निळा स्नॅगलटूथ कार्डावर बंद अवस्थेत दिसला, तर त्याचं परीक्षण करत बसायचं कारण नाही. बॅगी तपासणं मात्र कठीण. पिशवी सील करायचं यंत्र आज कोणत्याही किराणा दुकानात असतं. छापील मजकूर, प्लास्टिकची जाडी, सांध्याची रुंदी, पिशवी फाडायची जागा हे सगळं खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहावं लागतं. तरीही शंका राहिली, तर फिगर सुटी समजून तेवढेच पैसे द्यावेत.

अमेरिकेबाहेर पडलं, की चिठ्ठ्यांचं मोल आणखी वाढतं. तिथे ही खेळणी विकणाऱ्या कंपन्या देशागणिक वेगळ्या होत्या. इंग्लंडमध्ये कोलव्हिलची पालीटॉय, फ्रान्समध्ये मेकानो, इटलीत हार्बर्ट, स्पेनमध्ये पीबीपी, जपानमध्ये टकारा, मेक्सिकोत लिली लेडी, ऑस्ट्रेलियात टोलटॉय्ज. यातल्या काहींनी स्वतःची कार्डं छापली, काहींनी आलेल्या मालावर फक्त आपल्या नावाची चिठ्ठी लावली. नेदरलँड्सच्या क्लिपरची कार्डं ओळखायची खूण म्हणजे बऱ्याचदा तेवढी एक चिठ्ठीच. ती काढली, की उरतं केनरचं नेहमीचं कार्ड. एखादं खेळणं समुद्र ओलांडून ॲमस्टरडॅमच्या दुकानात पोचलं होतं, याचा दुसरा पुरावा त्या वस्तूवर नसतो. पुढे 'जेडाय'च्या काळात युरोपसाठी इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश अशा तीन भाषांत चित्रपटाचं नाव असलेली ट्राय-लोगो कार्डं आली. अमेरिकी संग्राहक त्यांना फार काळ दुय्यम मानत राहिले. मला तर तीच सगळ्यात बोलकी वाटतात. त्यांच्यात वेगवेगळ्या साच्यांचा माल एकत्र आलेला दिसतो, रंगकामात फरक दिसतात, बबलचे आकार बदलतात. संपत आलेला साठा कोणी कसा फिरवला याचा माग त्यात लागतो. शेवटच्या मालिकेतला याक फेस अमेरिकेतल्या दुकानांत पोचलाच नाही, तो मिळाला तो बाहेर. आणि ब्राझीलच्या ग्लासलाइटने काढलेला व्लिक्स तर जगात दुसरीकडे कुठेच विकला गेला नाही.

आता त्या किमतीच्या चिठ्ठीकडे वळू. तिच्यावर दुकानसाखळीचं नाव असतं, विभागाचा क्रमांक असतो, कधी आठवड्याचा सांकेतिक आकडा असतो. चिठ्ठीवर चिठ्ठी असेल तर फारच उत्तम. खालची मूळ किंमत, वरची उतरलेली किंमत. १९८५ नंतर हा माल पडत्या भावात कसा काढला गेला, त्याचा तो जागेवरचा दाखला. न्यूयॉर्कच्या खेळणी मेळाव्याचे व्यापारी कॅटलॉग सांगतात, कंपनीला काय विकायचं होतं. वर्तमानपत्रातल्या जाहिराती सांगतात, दुकानाने काय मागवलं. चिठ्ठी सांगते, नेमका हा नग कुठे टांगला गेला. तिन्ही ताडून पाहिलं तरच वितरणाचं चित्र उभं राहतं, आणि त्यातली तिसरी गोष्ट सोलणाऱ्याच्या बोटांत आहे.

तरीही चिठ्ठी नेहमी ठेवावीच, असं म्हणवत नाही. तिच्यामागचा डिंक वर्षानुवर्षं पुठ्ठ्यात मुरतो, तेलकट पिवळा डाग पुढच्या बाजूपर्यंत येतो. कधी ती पात्राच्या चेहऱ्यावरच असते आणि रोज बघताना खटकते. काढायचीच असेल तर घाई करू नये. आधी चिठ्ठीचा सरळ आणि तिरप्या उजेडातला फोटो घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग लायटरमध्ये भरायचं नॅफ्था कापसाच्या काडीने एका कडेला थेंबभर लावावं, मिनिटभर थांबावं आणि दात साफ करायचा मेणाविना दोरा चिठ्ठीखालून करवतीसारखा सरकवावा. कड उचलून ओढू नये, ओढलं की छपाईचा थर सोबत येतो. बबलजवळ असेल तर नॅफ्था लावूच नये, काही बबलना त्याने बारीक तडे जातात आणि ते परत भरून येत नाहीत. खोली हवेशीर असावी, जवळ ज्योत नसावी. निघालेली चिठ्ठी स्टिकरच्या पाठीला असतो तसल्या गुळगुळीत कागदावर लावून, कार्डाचा उल्लेख लिहून, त्याच खोक्यात ठेवावी. कार्ड विकलं गेलं, तर ती चिठ्ठीही त्याच्याबरोबर जावी.

खोकं म्हणजे ॲक्रिलिकचं, खिडकीपासून दूर. कार्डाला स्पर्श करणारं आवरण मऊ पीव्हीसीचं नको, त्यातलं तेल बाहेर येऊन छपाईला चिकटतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पीईटी चालेल. पुठ्ठ्याची खरी शत्रू दमट हवा. मुंबईत किंवा कोकणात ज्यांच्याकडे अशी कार्डं आहेत त्यांनी जून ते सप्टेंबर कपाटात आर्द्रतामापक ठेवावा, आकडा ५० च्या आसपास राहील असं पाहावं आणि सिलिका जेलच्या पुड्या दर काही आठवड्यांनी गरम करून पुन्हा वापराव्यात. एकदम कोरडंही करू नये. पुठ्ठा वाकतो आणि बबलच्या कडेवर ताण येऊन सांधा सुटतो, मग अस्सल कार्डही पुन्हा चिकटवल्यासारखं दिसायला लागतं. ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे, पाठवणारे कार्ड, बबल आणि फिगर असे तीन वेगळे गुण मिळवतात. त्या गुणांत चिठ्ठी कुठल्या दुकानाची, याला जागा नाही. ते टिपून ठेवणं मालकावरच येतं.

आपल्याकडे केनरची कार्डं दुकानांत टांगली गेली नाहीत. तयार खेळण्यांच्या आयातीवर तेव्हा कडक बंधनं होती. पण हॅस्ब्रोच्या जी.आय. जो या सैनिकांच्या फिगरा इथे बनल्या. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल काढली. तिचा कारखाना गोव्यात. अमेरिकेत वापरून झालेल्या साच्यांतून निघालेल्या या फिगरांचे रंग पुष्कळदा मूळ रंगांपेक्षा वेगळे असत आणि त्यासाठीच आज परदेशी संग्राहक त्या शोधतात. इथल्या पुठ्ठ्याला एक मोठा फायदा आहे. १९७७ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, किंमत आणि उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना-वर्ष वेष्टनावर देणं बंधनकारक होतं. केनरची कार्डं अभ्यासणाऱ्यांना जे फोटो मोजून आणि ओरखडे जुळवून काढावं लागतं, ते इथे रबरी शिक्क्याने किंवा छोट्या चिठ्ठीने सरळ लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. पणजी, पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही घरातल्या माळ्यावर अशी कार्डं निघतात, बहुधा फाटकी, कधी नुसती मागची अर्धी. भंगारात देण्याआधी ती उलटी करून पाहावीत. शिक्क्याची शाई उडालेली असेल तर अतिनील दिव्याखाली पाहावी, किंवा फोटो काढून त्यातला फक्त हिरवा रंग वेगळा करून कॉन्ट्रास्ट वाढवावा, फिकट जांभळे आकडे पुष्कळदा त्यात वर येतात. महिना, वर्ष, किंमत, फिगरचं नाव आणि तिचे रंग एका ओळीत लिहून ठेवावेत. फिगर हरवलेली असली तरी चालेल.